भिऊनकोची येळवस

भिऊनकोइतकी भित्री बाई मी आजवर पाहिलेली नाही. पालीला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची, विजेला तर भ्यायचीच. कुकरची शिट्टी होण्याच्या बेतात आली की हातातलं काम टाकून अंगणात जाऊन उभी राहायची. नांदेडच्या दवाखान्यात लिफ्ट होती, पण ही पेशंटचा डबा घेऊन जिना चढायची, कारण "मधीच बंद पडली तर?" एसटीत बसली की पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरायची आणि उतरेपर्यंत सोडायची नाही. आणि अशी ही बाई आजारी माणसाच्या खाटेशी बसली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "भिऊ नका." गल्लीतल्या पोरांनी ते ऐकलं आणि तिचं नाव भिऊनको पडलं. खरं नाव मला माहीत आहे. इथं लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

मी एकदा तिला सरळ विचारलं होतं, की तुम्हीच इतक्या भिता, मग दुसऱ्याला कोणत्या तोंडानं सांगता?

"बाई, न भिणाऱ्याला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "भ्यालेल्यानंच भ्यालेल्याला सांगायचं असतंय. आन् खरं सांगू का, मी मलाच सांगून राहिलेली असते. पेशंट मधनं ऐकतेत."

इतकी भीती बसायला लहानपणी काही झालं होतं का, असंही विचारलं. "काय न्हाई झालं. जल्मताच भित्री हाय मी," एवढंच उत्तर आलं. मला ते आवडलं. लोकांना आपल्या दुखण्याचं कारण सांगायची फार हौस असते.

माझं लोह्यात औषधांचं दुकान आहे. यजमान गेल्यापासून मीच चालवते. राहायला मात्र लोह्याजवळच्या आमच्या गावात, सासरच्या घरात. घरात सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत. धाकटा दीर प्रकाश, त्याची बायको आणि त्यांचं लेकरू. आबांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. घरी नेताना डॉक्टर म्हणाले, आता औषध कमी लागेल आणि माणूस जास्त. वॉर्डातल्या एका नर्सनं भिऊनकोचं नाव सुचवलं. पन्नाशीची, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ती पहिल्याच भेटीत म्हणाली, "मी ख्रिस्ती हाय. आधीच सांगते. मागून कळलं की लोकं काढून टाकतेत." मी म्हटलं, मला आबांना कुशीवर वळवता येणारी बाई पाहिजे, बाकी तुमचं तुमच्यापाशी. रविवारची सुट्टी, ही तिची एकच अट होती.

जावेनं तिची कपबशी वेगळी ठेवली. भिऊनको ती कपबशी घासून मुकाट्यानं त्याच जागी ठेवायची. चहा पिण्याआधी ती डोळे मिटायची, आणि इतका वेळ मिटायची की चहावर साय धरायची. प्रकाश एकदा म्हणाला, "देवाला विचारून राहिली का काय, साखर बरोबर हाय का म्हणून?"

"न्हाई भाऊ, साखर बरोबरच हाय," ती म्हणाली. "ह्या घरात बसायला जागा मिळाली, त्याचं सांगून राहिले."

प्रकाश हसला. त्या घरात तो तिच्या बोलण्यावर हसला, असं तेवढंच.

संध्याकाळी ती कोमट पाण्यानं आबांचे पाय धुवायची. बोटांच्या फटी, टाचा, घोटे, सगळं. मी म्हटलं, आबांचे पाय जमिनीला लागत नाहीत, मळतात कधी? "मळायसाठी न्हाई ओ," ती म्हणाली. "आमच्या देवानं लोकांचे पाय धुतले व्हते. राजा असून. तवापासून ज्याला त्याच्या मागं जायचंय त्याला हे काम लागलंय." मला ते जरा नाटकी वाटलं. पण आबांना अंथरुणाच्या जखमा झाल्या नाहीत हेही मी पाहिलं.

आबा कोण होते ते सांगायला हवं. त्यांनी पारावर बसून शब्द टाकला की गाव तो उचलायचं. भाऊबंदांची भांडणं, सोयरिकी, बांधाचे तंटे, सगळं त्यांच्या तोंडानं मिटायचं किंवा पेटायचं. तेच आबा आता भर दुपारी दाराकडे डोळे लावून पडायचे. पडदा हलला की डावा हात वर उचलायचे, डोळे पांढरे करायचे आणि म्हणायचे, "सोजर." कधी पुटपुटत, कधी घसा फोडून. अर्धांगवायूनंतर त्यांच्या तोंडून स्वच्छ निघणारा शब्द तो एकच होता. तो ऐकला की घरात पाणी ओतल्यासारखी शांतता व्हायची. जाऊ लेकराला उचलून मागच्या खोलीत जायची.

सोजर म्हणजे माझी चुलत सासू, आबांच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको. माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीची गोष्ट. घरावर दगड पडायला लागले, गोठ्यातली जनावरं एकामागून एक गेली, माझ्या सासूबाई कुत्र्यासारख्या भुंकायला लागल्या. आमच्या भागात याला एकच नाव आहे, भानामती. आणि भानामती म्हटली की ती करणारी बाई शोधायची असते. जाणता, म्हणजे देवऋषी, बोलावला. त्यानं विधवा भावजयीकडे बोट दाखवलं. सगळं गाव पारावर जमलं होतं. आबांनी फक्त "हाव, हीच" म्हणायचं होतं, ते त्यांनी म्हटलं. काकूंचे केस कापले आणि लेकरांसकट वेशीबाहेर काढलं. त्यांच्या नवऱ्याच्या वाट्याचं रान आबांच्या रानात मिसळलं. हे मला सासूबाईंनी मरायच्या थोडं आधी सांगितलं आणि वर म्हणाल्या, "कुठं बोलू नको. ऐकत असती ती." मीही विधवा. माझ्या यजमानांच्या वाट्याचं रानही याच घरात. मी कुठं बोलले नाही.

आता आबा तिचं नाव घेतात म्हणजे तिनंच त्यांना धरलंय, असं घरानं ठरवलं. घरानं ठरवलं म्हणजे गल्लीनं ठरवलं. प्रकाश म्हणाला, येळवसला जाणत्याला आणतो, अमावास्याच हाय. सगळ्यांसमोर आबाला एकदा विचारून घेऊ. "नायगावकडं लेकीपाशी ऱ्हाती म्हणतेत ती. जाऊन येऊ मग पोरं-पोरं." खताची पोती आणायला जायचं असावं अशा आवाजात तो बोलला. असल्या गोष्टींविरुद्ध कायदा आहे हे मला माहीत होतं. पण ठाणं लांब होतं, आणि मला राहायचं त्याच गल्लीत होतं. त्या दिवसापासून दुकानात गोळ्यांची पट्टी कापताना माझी कात्री वाकडी जायला लागली.

भिऊनकोला मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल की भानामती वगैरे काही नसतं. तिचा चेहरा राखेसारखा झाला. "मला बी भानामतीची लई भीती वाटते बाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण मला तर लिफ्टची बी वाटते. वाटती म्हणून ती माणूस खाती का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आले तेव्हा आतल्या खोलीत तिचा आवाज चालू होता. मी दाराशी थांबले.

"आबा, ती न्हाई आली. कुणी न्हाई आलं. तुमच्या उरावर बसलंय ते तुम्ही केलेलं हाय."

आबा जड जिभेनं काहीतरी म्हणाले. त्यांचं बोलणं आम्हा कुणाला धड कळायचं नाही, तिला कळायचं.

"तुळजापूर केलं, अन्नदान केलं, हाव. सुटलं का?"

आबांनी मान हलवली.

"न्हाईच सुटणार. मळका हात मळक्या हातानं धुतला तर काय निघतंय? आपल्याच्यानं व्हत न्हाई म्हणून तर तो आला. त्याला खिळे ठोकणारे समोर उभे व्हते, आन् तो म्हणला, बापा, यांना माफ कर. त्याच्या शेजारी एक चोर टांगलेला. खराच चोर बरं का. आता त्याला चांगलं काम करायला टाइम कुठला? नुसतं म्हणला, माझी आठवण ठेव. तर त्याला म्हणला, आजच माझ्यासंगं चल. आबा, तुमचं तर अजून एक अंग हालून राहिलंय."

आबा पुन्हा काहीतरी म्हणाले.

"त्यानं जात न्हाई विचारली. मी कुठं विचारते? तुमच्यासाठी बी मेला तो. फुकट हाय. म्हणून तर लोकांना पटत न्हाई."

मला ते मुळीच पटलं नाही. स्वयंपाकघरात मी तिला धरलं. म्हटलं, हे बरं आहे. बाईचे केस कापायचे, रान घ्यायचं आणि शेवटी खाटेवरून माफी मागून मोकळं व्हायचं. सोजरकाकूंनी काय करायचं मग, टाळ्या वाजवायच्या?

ती रागावली नाही. भाकरीच्या तुकड्याशी चाळा करत म्हणाली, "तसं नसतं बाई. माफी मिळाली म्हणून सुटला न्हाई माणूस. माफी मिळाली म्हणून आता त्याला तिच्यापाशी जावं लागतंय. आधी जायची हिंमतच नव्हती." मग तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला समद्यांना वाटतं ते तिचं नाव घेऊन भिऊन राहिले. मी दिवसभर ऐकते ना. ते तिला हाक मारून राहिलेत."

संध्याकाळी आबा पुन्हा ओरडले तेव्हा मी पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. भीती होतीच. पण ज्याच्यापासून पळायचं त्याला माणूस अशा आवाजात बोलत नाही. इतके दिवस एक म्हातारा एका बाईला बोलावत होता, आणि आम्ही तेच ऐकून तिच्यावर माणसं पाठवायला निघालो होतो.

येळवसच्या आधीच्या रविवारी भिऊनको स्वतःच नायगावकडच्या त्या वाडीला जाऊन आली. गाड्या बदलत, विचारत विचारत. परत आली तेव्हा साडीला चिखल, चप्पल तुटलेली. वाडीतलं कुत्रं पार शाळेपर्यंत मागं लागलं होतं. काकूंनी दार अर्धंच उघडलं. आबांचं नाव काढताच म्हणाल्या, "मेला का? मेल्यावर सांगायला या. चहा करीन." येळवस झाली की माणसं येतील, असं भिऊनकोनं सांगितलं तर म्हणाल्या, "येऊ द्या. मागं बी आले व्हते." लेक मागं उभी राहून रडत होती.

"मग आता?" मी विचारलं.

"आता येळवसलाच जाते परत. समदं गाव रानात असतं तवा. मोकळ्या गावात येईल कदाचित." तिचा हात पदराला पीळ घालत होता. "बाई, त्या कुत्र्याला काय घालावं ओ?"

मी तिला बिस्किटाचे पुडे दिले.

बाहेरच्यांना सांगायला हवं, येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या. त्या दिवशी आमच्या गावात माणूस शोधून सापडत नाही. सकाळीच आंबिलीचे माठ, भज्जी, उंडे डोक्यावर घेऊन सगळे आपापल्या रानात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा करतात, वाटसरूला धरून जेवू घालतात, आणि दिवस मावळताना गवताचा पेटता हेंडगा पिकाभोवती फिरवून घरी येतात. बाई सुट्टीवर गेली, आबांपाशी मी थांबते, असं मी सांगितलं. प्रकाश म्हणाला, "बरंच झालं. ती कानात काहीतरी पुटपुटून राहिली म्हाताऱ्याच्या. बाटवायची एखाद दिवशी. येळवसनंतर तिला घरात नका घेऊ वहिनी. सांगून ठेवतो."

गाव रिकामं झालं. सवयीचं गाव इतकं गप्प असलं की त्याची भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. नळ गळत होता. पत्रा उन्हानं तडकत होता. प्रत्येक वेळी आबा डोळे उघडायचे आणि मी त्यांच्याकडे न पाहता दाराकडे पाहायचे. ती येणार नाही असं मला वाटत होतं. खरं तर येऊ नये असंही वाटत होतं.

उन्हं कलली तेव्हा वेशीपाशी ऑटो थांबल्याचा आवाज आला. पुढं भिऊनको, मागं काठी टेकत एक बुटकी म्हातारी, पदर कपाळाखाली ओढलेला. कुणी न सांगता ती बरोबर आमच्या दाराशी आली. उंबऱ्यावर थांबली. आत आली नाही.

आबांनी तिला पाहिलं आणि त्यांच्या घशातून आलेला आवाज मी विसरू शकत नाही. ज्याला इतके दिवस बोलावलं ती आल्यावर ते तिलाच भ्याले. भिंतीकडे सरकायला लागले. भिऊनकोनं पळत जाऊन त्यांचा हात धरला. "आबा, भिऊ नका. हाक मारली ना, आली ती. आता बोला." आबांचा डावा हात छातीपाशी गेला. उजव्याची वाट पाहावी तसा तिथं थरथरत राहिला. एका हातानं नमस्कार होत नाही. ते काहीतरी बोलले. भिऊनकोनं सांगितलं, "म्हणतेत, भानामती नव्हती. मला ठाऊक व्हतं. मी खोटं बोललो. मला माफ कर."

सोजरकाकूंनी पदर आणखी खाली ओढला. मोठ्या दिरापुढं बोलायचं म्हणून तोंड बाजूला करून बोलल्या. "भावजी, समदं गाव असताना मला काढलं. आन् आता गाव रिकामं बघून बोलवता व्हय?"

मग त्या वळल्या, ओट्यावर जाऊन बसल्या आणि काठी मांडीवर आडवी ठेवली. "येऊ द्या गावाला. मी बसते."

भिऊनकोनं माझ्याकडे पाहिलं. "आता काय करायचं ओ बाई?" रिकामं गाव निवडणं ही तिचीच युक्ती होती आणि तीच चुकली होती. मी फोन हातात घेतला. ज्यांना लावावा ते सगळे रानात होते. काकूंना ऑटोत बसवून परत पाठवावं असं मी म्हटलं. काकूंनी ऐकलंच नाही. शेवटी भिऊनको म्हणाली, "मग आबाला बाहेर न्यावं लागतंय." प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही दोघींनी त्यांना ओट्यावर आणलं, धोतराच्या फडक्यानं खुर्चीच्या पाठीला बांधलं. भिऊनको गुडघे टेकून पाठमोरी बसली, डोळे मिटले. तिचे दात वाजत होते ते मला ऐकू येत होते.

दिवस मावळला. लांब रानांतून हेंडगे पेटलेले दिसले, मग विझले. बायकांचे आवाज, पोरांच्या शिट्ट्या, गाड्या. प्रकाश मोटारसायकलवर आला, त्याच्या मागं जाणता, हातात लिंबांची पिशवी. तरणाच होता, पायात बूट. प्रकाशनं ओट्याकडे पाहिलं. "कोण ही?"

"तू पाळण्यात व्हता तवा झोका द्यायची ती," काकू म्हणाल्या.

जुन्या माणसांनी ओळखलं. गर्दी एक पाऊल मागं सरकली, आयांनी पोरं पदराखाली घेतली. जाणता मोठ्यानं म्हणाला, "बघा. आपल्या पायानं आली. करणीची ओढच असती ती." एका पोरानं खाली वाकून काहीतरी उचललं. काय ते अंधुकात दिसलं नाही, पण हात मागं गेलेला दिसला.

आबा बोलायला लागले. लाळ गळत होती, शब्दाला शब्द लागत नव्हता. कुणालाच कळेना. ते सांगणारी एकच बाई तिथं होती. भिऊनको उठली. गर्दीकडे तोंड करून उभी राहिली तेव्हा तिनं माझं मनगट धरलं होतं, तिच्या नखांचे वण मला कितीतरी दिवस होते. "आबा म्हणतेत," ती म्हणाली. खाकरली. "आबा म्हणतेत, भानामती नव्हती. रानासाठी खोटं बोललो. सोजरचा काही दोष नव्हता."

"ही तिच्या मनचं सांगून राहिली," प्रकाश ओरडला. "हिनंच शिकवलंय. बाटगी." आणि त्यानं तिला थोबाडीत मारली. चष्मा उडाला, ती ओट्याच्या कडेवर आपटली. मी मध्ये गेले. मलाही धक्का बसला, पण मी जड आहे, पडले नाही.

तेवढ्यात खुर्ची उलटली. आबांनी डाव्या पायानं रेटा दिला होता. ते फडक्यासकट खाली आले, छातीवर पडले आणि एका कोपरावर ओढत काकूंच्या पायांपर्यंत गेले. डोकं त्यांच्या पावलांवर टेकवलं. मोठ्या दिराची सावलीसुद्धा धाकट्या भावजयीवर पडू नये अशा घरातला माणूस. तो गावासमोर तिच्या पायांवर डोकं ठेवतो, हे सांगायला दुसऱ्या कुणाच्या तोंडाची गरज नव्हती. काकू शहारून पाय मागं घ्यायला गेल्या आणि घेतले नाहीत.

पोराचा मागं गेलेला हात खाली आला. पळायच्या घाईत जाणत्यानं मोटारसायकल कुणाची आहे तेही न पाहता किल्ली मागितली. काकू म्हणाल्या, "उठवा त्यांला. थंडी हाय." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. गल्लीतली एक म्हातारी उरलेल्या आंबिलीचा तांब्या घेऊन आली आणि त्यांच्यापुढं ठेवला. त्या प्याल्या. बाकीचे निघून गेले; काही मान खाली घालून, काही थुंकून.

भिऊनको जमिनीवर चष्मा शोधत होती. मिळाला तेव्हा तिनं तो पुसला आणि आधी आबांच्या कोपराचं रक्त पाहिलं. तिच्या ओठातून येत होतं ते नंतर. मी बोरिक कापूस लावताना म्हटलं, पोलिसांत जाऊ या. ती म्हणाली, "न्हाई बाई. मी काल रातच्यापासून त्यालाच माफ करून राहिले. कळलं की मारणार हे ठाऊकच व्हतं."

कुणीतरी फोनवर शूटिंग केलं होतं. दुसऱ्या दिवशी ते गावोगाव फिरलं, पण त्यात काकू नव्हत्या, आबा नव्हते. फक्त भिऊनको होती, गुडघ्यावर, डोळे मिटून. आमच्या गावात बाटवाबाटवी चालू आहे, असं खाली लिहिलेलं. माझ्या दुकानात ओळखीची नसलेली माणसं आली. बाईचं पूर्ण नाव काय, कुठली, रविवारी कुठं जाते. मी म्हटलं, नर्सनं दिली होती, मला माहीत नाही. त्यांनी खोकल्याचं औषध घेतलं आणि काऊंटरवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मी शटर ओढलं आणि तिला घ्यायला गेले. एसटीत बसवताना ती म्हणाली, "आबाला डाव्या कुशीवर जास्त नका ठेवू." दांडा तिनं आधीच धरला होता. मग गाडी हलली. तेव्हा तिला पाहिलं ते शेवटचं. आता ती कुठं आहे ते मी सांगणार नाही.

आबांनी रानाच्या कागदावर डावा अंगठा दिला, काकूंचा वाटा काकूंना. प्रकाश त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. मी घर सोडून लोह्यात दुकानाच्या वर राहायला आले, आबांना घेऊन. माझ्या देव्हाऱ्यात मी रोज दिवा लावते, भिऊनकोच्या देवाबद्दल मला अजून पुष्कळ शंका आहेत. पण आबा दुपारी डोळे मिटून ओठ हलवायचे तेव्हा मी खोलीचं दार लोटून घ्यायचे, कुणी मध्ये जाऊ नये म्हणून. काकू अधूनमधून येत. खुर्ची दाराशी घेऊन बसत, बोलत काही नसत.

उन्हाळ्यात आबा गेले. भिऊनकोचा नंबर माझ्याकडे होता. तो मी कुठंच लिहिलेला नाही, पाठ आहे. संध्याकाळी लावून आबा गेल्याचं सांगितलं. तिनं पहिलं हेच विचारलं, "भ्याले का?"

तिच्याशी खोटं बोलायचं मला कधी जमलं नाही. "हो," मी म्हटलं. "शेवटपर्यंत भ्याले."

पलीकडे कुठंतरी कुत्रं भुंकत होतं, तिच्या अगदी जवळ असावं.

"शेवटचं पाणी कुणी घातलं?"

"काकूंनी. आबांनी त्यांचा हात धरून ठेवला होता. गेल्यावरसुद्धा बोटं सोडवायला वेळ लागला. काकू म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या जरा."